पेसमेकरसह जीवन

पेसमेकरसह जीवन या विषयात पेसमेकर बसवल्यानंतर रुग्णाला कराव्या लागणाऱ्या शारीरिक, मानसिक व व्यावहारिक जुळवणीचा, तसेच त्या जुळवणीत त्याने स्वतःच्या हितासाठी घ्यायच्या पुढाकाराचा विचार केला जातो. हृदयाचे ठोके अतिशय मंदावणे, मध्येच थांबणे किंवा हृदयातील विद्युत्‌संदेशाच्या वहनात अडथळा येणे या विकारांवर पेसमेकर हा प्रस्थापित उपचार आहे. शस्त्रक्रिया साधारणतः तासा-दोन तासांत आटोपते. यंत्राबरोबरचा सहवास मात्र पुढील अनेक वर्षांचा असतो. या काळात यंत्राची जुळणी रुग्णाच्या गरजेनुसार पुनःपुन्हा बदलता येते. ती कोणत्या दिशेने बदलावी हे बऱ्याच अंशी रुग्णाने सांगितलेल्या अनुभवावर अवलंबून असल्यामुळे त्याचे बोलणे हा उपचाराचाच एक भाग ठरतो.

पार्श्वभूमी

शरीरात संपूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील सोल्ना येथील कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाला बसवण्यात आला. शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांचा हा प्रयोग वैद्यकशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तो घडून येण्यामागे रुग्णाच्या पत्नीचा, एल्स-मारी लार्सन यांचा, आग्रह होता हे तुलनेने कमी सांगितले जाते. लार्सन यांना हृदयरोधामुळे दिवसातून अनेकदा मूर्च्छा येत असे. माणसाच्या शरीरात बसवण्याजोगे यंत्र तयार नाही असे सेनिंग यांनी सांगितल्यावरही एल्स-मारी यांनी त्या दोघांचा पाठपुरावा सोडला नाही. अखेर एल्मक्विस्ट यांनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा वापरून राळेत बंदिस्त केलेली दोन यंत्रे घडवली. पहिले काही तासांतच बंद पडले, तेव्हा दुसरे बसवावे लागले. पुढे लार्सन यांना वीसहून अधिक वेळा यंत्र बदलावे लागले. तरीही ते २००१ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, अन्य विकाराने वारले. तोपर्यंत सेनिंग व एल्मक्विस्ट हे दोघेही निवर्तले होते.

यंत्र व त्याची जुळणी

पेसमेकरचे दोन प्रमुख भाग असतात. बॅटरी व विद्युत्‌मंडल असलेली धातूची चपटी डबी गळ्याच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूस, त्वचेखाली केलेल्या कप्प्यात ठेवतात. तिच्यापासून निघालेली एक किंवा अधिक तारा (लीड) शिरेवाटे हृदयात पोचवलेल्या असतात. एका तारेचा पेसमेकर बहुधा हृदयाच्या खालच्या कप्प्याला (निलयाला) चालना देतो. दोन तारांचा पेसमेकर वरच्या व खालच्या कप्प्यांचा नैसर्गिक क्रम राखतो. तारा नसलेले, थेट निलयात बसवले जाणारे छोटे पेसमेकरही आता उपलब्ध आहेत.

पेसमेकर हृदयाचे ठोके सतत ‘ऐकत’ असतो आणि ठरावीक वेळेत ठोका पडला नाही, तरच स्वतः चालना देतो. किमान गती किती असावी, झोपेत ती उतरू द्यावी का, चालताना वा जिना चढताना ती किती वेगाने वाढावी, चालनेचा जोर किती असावा, या सर्व बाबी बाहेरून ‘प्रोग्रॅमर’ नावाच्या संगणकीय उपकरणाने ठरवता येतात. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही. यंत्राच्या कार्यपद्धतीचा निर्देश व्हीव्हीआय, डीडीडी यांसारख्या सांकेतिक अक्षरांनी करतात. त्यांच्या शेवटी ‘आर’ असल्यास हालचालीनुसार गती वाढवण्याची सोय चालू आहे असा अर्थ होतो. पुष्कळदा रुग्ण कारखान्यातून आलेल्या प्रमाण जुळणीवर, किंवा तीत किरकोळ बदल करून, घरी जातो. ती जुळणी सर्वसाधारण रुग्णाला मानवेल अशी असते. रोज पहाटे टेकडी चढणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांना ती पुरेशी ठरेलच असे नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीची चर्चा

हृदयरोध पूर्ण असेल आणि रुग्ण बेशुद्ध पडत असेल, तर चर्चेला वेळ नसतो. बहुसंख्य प्रसंगी मात्र एक-दोन दिवसांची सवड मिळते. या सवडीत विचारण्याजोगा पहिला प्रश्न म्हणजे यंत्र कोणत्या कारणासाठी बसवले जात आहे आणि ते न बसवल्यास काय होईल. त्यानंतर एक तार की दोन, व ती निवड का, हा प्रश्न येतो. यंत्र आणि तारा अशा दोहोंची एमआरआय तपासणीशी सुसंगती आहे का, हेही आधीच विचारणे इष्ट असते. कारण सुसंगत डबीला जुनी, असुसंगत तार जोडलेली असेल तर संपूर्ण संच असुसंगत मानला जातो.

जागेबाबतही बोलता येते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. डावखुरी व्यक्ती, खांद्यावर ओझे वाहणारा शेतकरी वा हमाल, बंदूक वापरणारा सुरक्षारक्षक, तंबोरा वा व्हायोलिन वाजवणारा कलावंत यांनी आपले काम शल्यचिकित्सकाला आधी सांगावे. मराठी पद्धतीने साडी नेसणाऱ्या स्त्रियांचा पदर डाव्या खांद्यावर असतो व तेथेच पिन लावली जाते. अंतर्वस्त्राचा पट्टाही नेमका डबीवरून जाऊ शकतो. संकोचामुळे ही गोष्ट बोलली जात नाही आणि पुढे वर्षानुवर्षे कप्प्याच्या जागी घर्षण होत राहते. जागा थोडी सरकवणे वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील; पण प्रश्न विचारला गेला, तरच तो विचारात घेतला जातो.

संमतिपत्र बहुधा इंग्रजीत छापलेले असते. त्यातील मजकूर आपल्याला समजणाऱ्या भाषेत सांगून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली संमती ही पुरेशा माहितीवर आधारलेली असली पाहिजे, तसेच एका उपचारास दिलेली संमती दुसऱ्यास लागू होत नाही, असे स्पष्ट केले. सही करण्याआधी ‘हे मला मराठीत समजावून सांगा’ असे म्हणणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, हा समज आपल्याकडे, विशेषतः वृद्धांमध्ये, फार खोलवर रुजलेला आहे. त्याला कोणताही आधार नाही.

खर्चाच्या बाबतीत महाराष्ट्रातील रुग्णांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयात दाखल होतानाच करावी. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो व पेसमेकर बसवण्याचा उपचार योजनेच्या यादीत आहे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक मध्ये आहे.

ओळखपत्र व कागदपत्रे

प्रत्येक पेसमेकरधारकाला ओळखपत्र मिळते. त्यावर यंत्राचा निर्माता, प्रतिमान, अनुक्रमांक, बसवल्याची तारीख व रुग्णालयाचे नाव असते. तारांचे प्रतिमान व अनुक्रमांकही त्यावर आहेत का, हे पाहून घ्यावे. सुरुवातीस तात्पुरते कार्ड देऊन कायमचे कार्ड नंतर पाठवण्याची पद्धत आहे. ते न आल्यास पाठपुरावा करावा लागतो. यंत्राच्या वेष्टनावरील स्टिकर सामान्यतः डिस्चार्ज कार्डावर किंवा बिलाबरोबर चिकटवलेले असते. विमा कंपनी वा शासकीय योजना मूळ कागद ठेवून घेतात, म्हणून ते देण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र काढून ठेवणे श्रेयस्कर.

ओळखपत्राचे महत्त्व केवळ विमानतळापुरते नाही. एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीचे यंत्र वाचू शकत नाही. परगावी चक्कर येऊन पडलेल्या रुग्णाजवळ कार्ड नसेल, तर तेथील डॉक्टरांना कोणत्या कंपनीचा प्रतिनिधी बोलवावा इथपासून शोध घ्यावा लागतो. कार्डाबरोबर विश्रांतीच्या स्थितीतील अलीकडच्या ईसीजीची प्रत बाळगणे तितकेच उपयोगी ठरते. निलयाला यंत्राची चालना मिळत असताना ईसीजीचा आलेख मुळातच वेगळा दिसतो आणि तुलनेसाठी जुना आलेख नसेल, तर हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणे किंवा ते नाकारणे अवघड होते.

पहिले काही आठवडे

तारेचे टोक हृदयात स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. या काळात, साधारणपणे चार ते सहा आठवडे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, जड वस्तू उचलू नये आणि हाताला झटका बसू देऊ नये असे सांगितले जाते. माळ्यावरचे डबे काढणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, विहिरीचे पाणी शेंदणे, सूर्यनमस्कार घालणे ही कामे यात येतात. उलट टोकाची सावधगिरीही घातक असते. भीतीमुळे हात महिनाभर गळ्यात बांधून ठेवणाऱ्यांचा खांदा आखडतो. त्यामुळे ‘काय करू नये’ याबरोबर ‘काय अवश्य करावे’ हेही विचारून घ्यावे.

जखमेवर लाली, वाढती सूज, उष्णता, पाझर किंवा ताप दिसल्यास ज्या ठिकाणी यंत्र बसवले तेथेच तातडीने दाखवावे. कप्प्यातील सूज सुईने काढून पाहणे किंवा जवळच्या दवाखान्यातून प्रतिजैविकांच्या गोळ्या आणून वाट पाहणे टाळावे. जंतुसंसर्ग कप्प्यात शिरल्यास यंत्र व तारा दोन्ही काढाव्या लागू शकतात. जखम भरल्यानंतरही त्या जागी तेलाचे मालीश करू नये व डबी बोटांनी फिरवण्याची सवय लावून घेऊ नये.

तक्रार मांडणे

पेसमेकर बसवलेल्या रुग्णाला सर्वाधिक वेळा ऐकू येणारे वाक्य ‘यंत्र उत्तम चालू आहे’ हे असते. ते बहुधा खरेही असते. यंत्र ठरवून दिलेले काम बिनचूक करत असते. ठरवून दिलेले काम या विशिष्ट शरीराला मानवते का, हा निराळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रोग्रॅमरच्या पडद्यावर अर्धेच दिसते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘पेसमेकर सिंड्रोम’. निलयालाच चालना देणाऱ्या यंत्रामुळे वरच्या व खालच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा क्रम बिघडू शकतो. अशा वेळी थकवा, धाप, घेरी, मानेच्या शिरांत ठोके जाणवणे, छातीत भरून येणे अशा तक्रारी उद्भवतात. तपासणीत बॅटरी, तार व चालना सर्व निर्दोष आढळते आणि वयोवृद्ध रुग्णाच्या तक्रारी वयाच्या किंवा मनाच्या खात्यावर टाकल्या जातात. प्रत्यक्षात जुळणी बदलून, किंवा आवश्यक तेथे दुसरी तार बसवून, या अवस्थेवर उपाय करता येतो. सपाटीवर ठीक वाटणे पण जिना वा चढ आला की पाय गळणे, हे गती वाढवण्याची सोय बंद असल्याचे किंवा ती मंद असल्याचे लक्षण असू शकते. ही सोय पुष्कळ यंत्रांत शरीराची हालचाल ओळखून चालते, म्हणून स्थिर सायकल चालवताना छाती हलत नसल्यास गती अपेक्षेइतकी वाढत नाही. बसल्याजागी पोटाचा वा बरगडीखालचा स्नायू ठोक्यागणिक फडफडणे, किंवा सतत उचकी लागणे, हे चालना श्वासपटलापर्यंत पोचत असल्याचे सूचित करते. जोर कमी करून ते बहुधा थांबवता येते.

तक्रार परिणामकारक होण्यासाठी ती मोजक्या तपशिलांत मांडावी. ‘बरे वाटत नाही’ यापेक्षा ‘मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला दुसऱ्या मजल्यावर पोचताना डोळ्यांपुढे अंधारी आली, दोन मिनिटे टिकली, तेव्हा नाडी ६० होती’ हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते. यंत्राच्या स्मृतीत त्या वेळची नोंद असल्यास तिच्याशी ताळा घेता येतो. त्यासाठी साधी वही पुरते. रुग्णाने आपली किमान गती माहीत करून घ्यावी व मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजण्यास शिकावे. नाडी त्या गतीच्या खाली वारंवार आढळल्यास कळवावे; मात्र झोपेतील गती मुद्दाम कमी ठेवलेली असू शकते, आणि मध्येच पडणारे जादा ठोके मनगटावर न लागल्यामुळेही आकडा कमी येतो. मूर्च्छा, छातीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे यांसाठी वहीची वा पुढच्या भेटीची वाट पाहू नये. पेसमेकर रक्तवाहिन्यांतील अडथळ्यावरचा उपाय नाही. तो असतानाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

मनाच्या अवस्थेबद्दल बोलणे हाही तक्रारीचाच भाग मानावा. यंत्र बंद पडेल या भीतीने झोप न लागणे, एकट्याने घराबाहेर न पडणे, वैवाहिक संबंध टाळणे हे अनुभव सर्वसामान्य आहेत. घरातील माणसे काळजीपोटी रुग्णाला ‘काही करू नका’ म्हणून बसवून ठेवतात. त्यातून त्याचे स्वावलंबन जाते. तपासणीच्या वेळी कुटुंबातील एका व्यक्तीला सोबत नेऊन कोणती कामे करता येतील, हे डॉक्टरांच्या तोंडून तिला ऐकवणे हा यावरील व्यवहार्य उपाय आहे. उत्तरे मात्र रुग्णाने स्वतः द्यावीत. मुलगा वा सून बोलत राहिल्यास लक्षणांचा तपशील हरवतो.

नियमित तपासणी

पहिली तपासणी घरी जाण्यापूर्वी, दुसरी सुमारे दोन-तीन महिन्यांच्या आत आणि त्यानंतर सामान्यतः दर सहा ते बारा महिन्यांनी होते. बॅटरी संपत आल्यावर हे अंतर कमी केले जाते. भारतातील अनेक रुग्णालयांत प्रोग्रॅमर घेऊन कंपनीचा प्रतिनिधी ठरावीक दिवशी येतो, म्हणून वेळ आधी निश्चित करावी लागते. प्रतिनिधी यंत्र वाचतो. जुळणी बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो. केवळ प्रतिनिधीच्या तपासणीवर भेट संपत असेल, तर डॉक्टरांशी बोलण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक भेटीअंती बॅटरीचे अंदाजे उरलेले आयुष्य, हृदयाचे किती टक्के ठोके यंत्राच्या चालनेने पडतात, आणि आज कोणता बदल केला, या तीन गोष्टी विचारून छापील अहवालाची प्रत घ्यावी.

घर, शेत व प्रवास

घरातील बहुतेक विजेची उपकरणे निर्धोक आहेत. मिक्सर, दूरचित्रवाणी संच व सुस्थितीतील मायक्रोवेव्ह यांबद्दलची भीती अनाठायी आहे. इंडक्शन शेगडीपासून मात्र ६० सेंटिमीटर अंतर राखण्याचा सल्ला दिला जातो. ओट्यावर वाकून फोडणी देण्याच्या आपल्या पद्धतीत ते अंतर सहज मोडते, म्हणून गॅसची शेगडी अधिक सोयीची. मोबाइल १५ सेंटिमीटरपेक्षा जवळ, विशेषतः सदऱ्याच्या त्या बाजूच्या खिशात, ठेवू नये व विरुद्ध कानाला लावावा. चुंबक असलेले मोबाइल, त्यांचे चार्जर व हेडफोन यांनाही तोच नियम लागू आहे. गीझर, कपडे धुण्याचे यंत्र व पाण्याचा पंप यांचे अर्थिंग नीट असल्याची खात्री करून घ्यावी, कारण गळती प्रवाहाने यंत्राची दिशाभूल होऊ शकते. रानडुकरांपासून पिकाच्या रक्षणासाठी लावलेल्या झटका-कुंपणाला पेसमेकरधारकाने हात लावू नये. वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी कामावर परतण्यापूर्वी डॉक्टरांशी स्वतंत्र चर्चा करणे आवश्यक आहे.

विमानतळ, मॉल किंवा देवस्थान यांच्या प्रवेशद्वारावरील धातुशोधक चौकटीतून नेहमीच्या चालीने, न थांबता जावे. हातातील शोधक दांडा छातीवर धरू न देता हाताने झडती घेण्याची विनंती कार्ड दाखवून करता येते. रांगेत मागून रेटा असताना हे सांगणे अवघड जाते, म्हणून कार्ड आधीच हातात काढून ठेवावे. मोटारीत सीटबेल्ट लावणे टाळू नये. पट्टा टोचत असल्यास मऊ घडी ठेवावी.

अन्य उपचार घेताना

दंतवैद्य, नेत्रतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ अशा कोणाकडेही गेल्यावर पेसमेकर असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी वापरला जाणारा विद्युत्‌दाहक, भौतिकोपचारातील डायथर्मी व विद्युत्‌उत्तेजन, मूतखडा फोडणारे तरंग, कर्करोगावरील किरणोपचार यांनी यंत्राच्या कार्यात बाधा येऊ शकते. या उपचारांपैकी काही पूर्णतः टाळावे लागतात, तर काहींसाठी जुळणी तात्पुरती बदलून नंतर यंत्र तपासावे लागते. एमआरआय सुसंगत संच असला, तरी तपासणीपूर्वी यंत्र विशिष्ट स्थितीत आणून नंतर पूर्ववत करणे आवश्यक असते. हे झाले की नाही, हे रुग्णाने विचारावे. प्रदर्शनांतून विकल्या जाणाऱ्या चुंबकीय गाद्या, पट्टे व माळा पेसमेकरधारकासाठी वर्ज्य होत. चुंबक जवळ येताच बहुतेक पेसमेकर हृदयाचे ठोके ऐकणे सोडून ठरावीक गतीने चालना देऊ लागतात.

हक्क व दाद

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत त्याच्या उपचारांची कागदपत्रे मिळाली पाहिजेत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क रुग्णहक्क सनदेत मान्य केलेला आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणी नियमांत केलेल्या दुरुस्तीने अशा सनदेस स्थान दिले. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवले. यंत्रातच दोष असल्याचा संशय असल्यास ‘मटेरिओव्हिजिलन्स’ या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे कळवण्याची सोय आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे समन्वयन गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. व्यवहारात पहिली पायरी लेखी पत्राची असावी. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

बॅटरी बदलणे व मृत्यूनंतर

पेसमेकरची बॅटरी यंत्राच्या प्रकारानुसार व वापरानुसार साधारणतः सात ते बारा वर्षे टिकते. ती अचानक संपत नाही. बदलण्याची वेळ आल्याचा इशारा यंत्र काही महिने आधी नोंदवते. बॅटरी स्वतंत्रपणे न बदलता संपूर्ण डबी बदलली जाते, तर तारा सुस्थितीत असल्यास त्याच ठेवतात. जुळणी, जागा किंवा तारांची संख्या यांबाबत मागील काही वर्षांत साचलेल्या तक्रारी मांडण्याची ही योग्य वेळ असते.

दहनापूर्वी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊन दाहिनीला व जवळच्या माणसांना इजा पोचू शकते. ही माहिती रुग्णाने हयातीतच घरच्यांना देऊन ठेवावी. दुःखाच्या व धावपळीच्या प्रसंगी ती कोणाच्या लक्षात राहत नाही. मृत्यूचा दाखला देण्यासाठी येणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी यंत्राची कल्पना दिल्यास लहानशी चीर देऊन ते काढण्याची व्यवस्था होऊ शकते. दफनविधीत यंत्र काढण्याची सहसा गरज नसते.